नुसतं हाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, शालिग्रामला लकवा मारला. साठीचा माणूस, एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर, निवृत्त होऊन दोनच वर्षं झालेली. सकाळी मळ्यात वांग्याला पाणी देताना हातातलं फावडं सुटलं आणि तो वाफ्यातच बसला. बुलडाण्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून रोहिणखेडला घरी आला तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय ओढावा लागत होता आणि बोलणं गेलं होतं.

एक शब्द तेवढा उरला होता. "हाव." हो म्हणायचं असलं तरी हाव, नको म्हणायचं असलं तरी हाव. दुसरा शब्द तो ओठांपर्यंत आणायचा, आहे ना बरोबर म्हणून मनात एकदा म्हणूनही बघायचा, पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते हावच. डाव्या हातानं पाटीवर लिहून पाहिलं, तर अक्षरंही नुसत्या रेघोट्या होऊन उमटली.

त्याच्या बायकोनं, सरस्वतीबाईनं, सुरुवातीला त्यातच समाधान मानलं. विचारलेलं कळतं, उत्तर मिळतं, अजून काय पाहिजे?

"चहा घेता?"

"हाव."

"उन्हात बसता?"

"हाव."

नको असलेला चहा समोर यायचा आणि तो प्यायचा. ऊन सोसत नसलं तरी खुर्ची उन्हात मांडली जायची आणि तो बसायचा. मान हलवून नाही म्हणावं तर मानही भलतीकडेच हलायची. आत सगळं जागच्या जागी होतं. मळ्यातल्या वाफ्यांची संख्या, डेपोतल्या लोकांची नावं, मुलीच्या लग्नाची तारीख. दार तेवढं बाहेरून लावून घेतल्यासारखं झालं होतं आणि आतला आवाज कोणाला जात नव्हता.

दिवाळीला मुलगा आला. कुलदीप बायको अर्पितासोबत पुण्यात राहायचा, एका कंपनीत होता आणि बारा वर्षांत त्याची बोली पार बदलली होती. लक्ष्मीपूजन झाल्यावर तो बापासमोर खुर्ची ओढून बसला.

"बाबा, मी काय म्हणतो ते नीट ऐका. तुम्ही दोघं आता पुण्याला चला. तिकडं चांगले डॉक्टर आहेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन किती दिवस लांबवायचं? आणि अर्पिताचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे, तिला पण आई जवळ असली तर बरं. मळा काकांना मक्त्यानं देऊन टाकू. घराला कुलूप लावू. चालेल ना?"

नाही. शालिग्रामला तो शब्द स्पष्ट दिसत होता. न ला काना, ह ला वेलांटी. त्यानं श्वास घेतला, ओठ उघडले.

"हाव."

"बघ आई! मी म्हटलं नव्हतं, ते लगेच तयार होतील?"

शालिग्रामनं डावा हात खुर्चीवर आपटला. "हाव! हाव! हाव!"

"हो बाबा, कळलं. डिसेंबर संपला की नेतो," कुलदीपनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. मागं सरस्वतीबाई उंबऱ्याला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण दोन महिन्यांत पहिल्यांदा उतरला होता. ते पाहून शालिग्रामला ओरडताही येईना.

पुण्याचं घर त्याला माहीत होतं. अकराव्या मजल्यावर, शेजारचं दार कायम बंद. धट्टाकट्टा असताना त्यानं तिथं दोनदा आठ-आठ दिवस काढले होते. पण आताची भीती वेगळी होती, आणि ती त्याला कोणाला सांगता येत नव्हती.

झालं असं होतं, की दसऱ्याच्या सुमाराला तो ओट्यावर बसलेला असताना शंकरराव नावाचा जुना दोस्त सायकलवरून जाता जाता ओरडला, "राम राम, कंडक्टर!" आणि शालिग्रामच्या तोंडून सरळ निघालं, "राम राम!" शंकरराव पुढं निघूनही गेला. शालिग्राम एकटाच राहिला. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. राम राम. निघेना. दुसऱ्या दिवशी कोणी राम राम घातला आणि पुन्हा निघाला. त्यावरून त्याच्या लक्षात आलं, की त्याचे शब्द आता त्याच्या एकट्याच्या हातात नाहीत. समोरच्यानं नेहमीचं काही म्हटलं, तर त्याचं नेहमीचं उत्तर आपोआप येतं. मग पुण्याच्या त्या मजल्यावर त्याला नेहमीचं काय म्हणणार होतं कोण?

दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी गार्गी नावाची एक मुलगी यायची, बोलणं गेलेल्यांना शिकवणारी. ती त्याला चित्रं दाखवायची.

"काका, हे काय आहे?"

वांगं होतं. वीस वर्षं त्यानं वांगी लावली होती. "हाव," तो म्हणाला, आणि लाजेनं खाली बघू लागला.

"असू दे. आता माझ्याबरोबर म्हणा. सोमवार, मंगळवार..."

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार," तो म्हणाला, आणि रविवारच्या पुढं पुन्हा सोमवारवर गेला. सरस्वतीबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"शब्द गेलेले नाहीत, काकू," गार्गी म्हणाली. "मुद्दाम शोधायला गेलं की सापडत नाहीत. ज्या ठिकाणी, ज्या बोलण्यावर ते वर्षानुवर्षं आलेत, तिथं येतात. तुम्ही त्यांना हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. त्यांच्या हो वर तर अजिबात विसंबू नका. तुम्ही वाक्य सुरू करा आणि मध्येच थांबा. कंटाळा येईपर्यंत थांबा."

सरस्वतीबाईनं मान डोलावली. पण घरी म्हैस होती, मळा होता, पाणी एक दिवसाआड येत होतं. थांबायला तिला वेळ नव्हता. ती पुन्हा विचारायची, "आंघोळीले पाणी काढू?" आणि तो म्हणायचा, "हाव."

डिसेंबरच्या मध्याला दवाखान्यात जायचं होतं. गावातली जीप ऐनवेळी बिघडली म्हणून दोघं एसटीनं गेले. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच एसटीत चढत होता. जाताना गाडीत त्यांच्याखेरीज चार-पाचच माणसं होती, कोणी काही बोललं नाही. येताना बुलडाण्याहून नांदुऱ्याची गाडी मिळाली. त्या रस्त्यावर त्यानं निम्मी नोकरी काढली होती. मोताळ्याला उतरून पुढं रोहिणखेडची गाडी धरायची होती. धम्मशीला नावाची तरुण कंडक्टर होती. तिनं काठी बघितली आणि पुढच्या बाकावरच्या पोरींना उठवून दोघांना बसवलं.

गाडी भरत गेली. दारापर्यंत माणसं उभी राहिली. धम्मशीला मागं तिकिटं फाडत होती. राजूर घाट उतरून गाडी पुढं आली, आणि पायरीवर लटकलेल्या एका बाईनं वाकून विचारलं, "मोताळा आला काय हो?"

"राजूर गेलं," शालिग्राम म्हणाला. "आता मोताळा. पायरीवर नोका उभ्या राहू, बाई. आत या. पुढं सरका, पुढं. जागा हाय पुढं."

खणखणीत, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा आवाज. दोन माणसं खरंच पुढं सरकली. बाई वर आली. सरस्वतीबाईच्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली.

"काय म्हणले तुमी? अवो, काय म्हणले?" तिनं त्याचा दंड धरला.

शालिग्रामनं तिच्याकडे पाहिलं. आता बोलायचं. पुणं. नको. सगळं तोंडाशी आलं.

"हाव," तो म्हणाला.

मागून धम्मशीला आली होती. "काका तुमी आपल्यातले वाटता," ती हसून म्हणाली. "कोणता डेपो?"

"बुलडाणा," तो म्हणाला.

"आन् आज उतरायचं कुठं?"

"मोताळा. मंग रोहिणखेड." थोडा थांबला आणि म्हणाला, "घरी."

सरस्वतीबाई मोताळा येईपर्यंत रडत होती. मोताळ्याच्या स्टँडवरूनच तिनं कुलदीपला फोन लावला. "अरे तुये बाबा बोलले! दहा-वीस शब्द बोलले! कुठं उतरायचं इचारलं तं घरी म्हणले. घरी!"

फोन स्पीकरवर होता. शालिग्राम शेजारीच बाकावर बसून ऐकत होता.

"आई, छान आहे, पण तू फार धरून बसू नकोस," कुलदीप म्हणाला. "तेहतीस वर्षं ते तेच बोललेत. गाडीत बसले की ते येणारच. त्याला अर्थ नसतो. मी वाचलंय याच्यावर."

अर्थ नसतो. शालिग्रामनं डोळे मिटले. हाव म्हटलं त्याला सगळ्यांनी अर्थ लावला होता, आणि घरी म्हटलं त्याला अर्थ नव्हता. पोराला खोटंही पाडता येत नव्हतं. बाकीचं सगळं सवयीनंच आलं होतं. घरी हा शब्द तेवढा त्यानं स्वतः काढला होता, आणि ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरस्वतीबाईनं भांडी तशीच टाकली, ओट्यावर येऊन त्याच्यासमोर बसली.

"पुण्याले जायचं ना?"

"हाव."

"पुण्याले नाही जायचं ना?"

"हाव."

"मी मेली तं चालन ना तुमाले?"

त्यानं जीव एकवटला, ओठ दातांत धरले, पण ते सुटलंच. "हाव."

सरस्वतीबाई हसायला लागली. हसता हसता तिनं कपाळाला हात लावला. "अन् मी येडी, चार महिने इचारून राह्यली. चहा घेता का, झोपता का, पुण्याले येता का." मग तिचा आवाज उतरला. "पण खरं सांगू? मले कायचंच नवल वाटलं नाही. आधी तरी मायाशी काय बोलत होते तुमी? दिवसभर गाडीत हजार माणसाशी बोलून याचे. घरी आले की मी सांगायची अन् तुमी हाव म्हणायचे. पोरीचं लगन, पोराचं शिक्षण, सगळं हाव. या घरात दुसरा शब्द लावलाच कुठं तुमी, की आता सापडन?"

शालिग्राम ऐकत राहिला. लकव्याची चीड त्याला रोज यायची. पण आता जे वाटलं त्याच्यात चीड नव्हती. एसटीतून उतरला की तोंड मिटायचं, आणि त्याला तेव्हा वाटायचं, दमलो आहे, घर आहे, इथं बोलायची काय गरज. ती खरं तेच सांगत होती.

मग गार्गीनं सांगितलेलं तिनं पहिल्यांदा करून पाहिलं.

"मले पुण्याले..." ती म्हणाली, आणि थांबली.

समोरून म्हशी गेल्या. कोणीतरी ट्रॅक्टर लावला, तो दूर जाईपर्यंत आवाज येत राहिला. तिचं दूध चुलीवर होतं, ते उतू गेल्याचा वास आला तरी ती उठली नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "मले पुण्याले..."

"मले," तो म्हणाला. घाम फुटला होता. "मले... पुण्याले... करमत." ओठ नुसतेच हलत राहिले. डाव्या हातानं त्यानं ओट्याची कड धरली. "नाही. करमत नाही. नाही."

पुढची पाच मिनिटं तो नुसतं नाही नाही म्हणत राहिला. तिनंही त्याला थांबवलं नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "नाही तं नाही." तिनं गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा उठता आलं नाही, मग दाराची चौकट धरून उठली आणि करपलेलं दूध उतरवायला आत गेली.

फोनवर कुलदीप चिडला, आणि चिडल्यावर त्याची पुण्याची बोली गळून पडली. "मंग आधी हाव काऊन म्हणले? मी सुट्ट्या टाकल्या, डॉक्टरची तारीख घेतली, अर्पिता तिकडं वाट पाहून राह्यली. आता एकदम नाही?" सरस्वतीबाईनं समजावलं. पण त्याला पटलं नाही. ज्याचा हो खरा नाही, त्याचा नाही तरी खरा कशावरून, असं तो म्हणाला, आणि ते काही चूक नव्हतं.

पुण्याला जाणं रद्द झालं. म्हैस गोठ्यात राहिली, मळा मक्त्यानं गेला नाही. शालिग्रामला आठ दिवस हलकं वाटलं. मग तो बघू लागला. सकाळी सरस्वतीबाई ओट्याची पायरी उतरताना आधी एक पाय खाली ठेवायची, थांबायची, दात आवळून दुसरा आणायची. गुडघा सुजून चमकत होता. अर्पिताचा फोन आला की ती बाळाच्या दुपट्यांबद्दल बोलायची आणि फोन ठेवल्यावर खूप वेळ भिंतीकडे बघत बसायची. त्याला एकटं टाकून तिला कुठंही जाता येत नव्हतं. त्यानं जो एक नाही म्हटला, त्यानं तिचं दार बंद झालं होतं. आणि हे मला दिसतंय, एवढंही त्याला सांगता येत नव्हतं.

संक्रांतीला चिखलीहून मुलगी आली, रूपाली. तिचा नवरा तिथल्या शाळेत मास्तर होता. आईचा गुडघा बघून ती हबकली.

"आई, तू जाय पुण्याले. बाबाले मी नेतो चिखलीले. तीन महिने. आमच्या घरासमोरच चौक हाय, दिवसभर माणसं येतात-जातात. बाबा, येसान ना चिखलीले?"

"हाव," शालिग्राम म्हणाला. या खेपेला त्याला खरंच हाव म्हणायचं होतं. त्यानं जोर देऊन पुन्हा म्हटलं, "हाव!"

सरस्वतीबाईनं तीळ निवडता निवडता मान हलवली. "त्याईच्या हावले काही अर्थ नाही, बाई. मी एकदा फसली. आता त्याईले त्याईच्या मनाविरुद्ध कुठंच हलवायचं नाही."

शालिग्राम सुन्न झाला. खोट्या हावनं सगळे राजी झाले होते, आणि आता खरा हाव कोणी ऐकून घेईना. तो पुन्हा म्हणाला, हाव, आणि त्याचं त्यालाच ते पोकळ वाटलं.

त्याच्या चेहऱ्याकडे बघून सरस्वतीबाईनं ताट बाजूला सरकवलं. "बरं. मी चिखलीले..." ती म्हणाली आणि थांबली. रूपाली काहीतरी बोलायला गेली तर तिनं हातानं गप्प केलं.

तो शोधत होता. चिखली सापडत नव्हती. येतो सापडत नव्हतं. मग त्यानं ते वाक्यच सोडून दिलं.

"तू," तो म्हणाला.

"मी? मी काय?"

"तू... पुण्याले." श्वास पुरेना. "जाय."

सरस्वतीबाईचा चेहरा उतरला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो एकदा असंच जाय म्हणाला होता आणि ती महिनाभर माहेरी जाऊन राहिली होती. "पाठवून राह्यले का हाकलून राह्यले?" तिनं विचारलं. 

याचं उत्तर त्याला या जन्मात सापडलं नसतं. तो खुर्चीतून पुढं वाकला, डावा हात लांब केला आणि तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला. पोरीसमोर असं त्यानं कधी केलं नव्हतं. सरस्वतीबाईनं पटकन पदर सारखा केला, पण हात बाजूला केला नाही.

"जाय," तो पुन्हा म्हणाला.

ती जानेवारीच्या शेवटी नांदुऱ्याहून रेल्वेत बसली. कुलदीप न्यायला आला होता. तो बापाशी फार बोलला नाही, पण निघताना पाया पडला. फेब्रुवारीत अर्पिताला मुलगी झाली. मार्चमध्ये सरस्वतीबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शालिग्राम चिखलीला रूपालीच्या ओट्यावर बसायचा. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे पहिला महिना फार वाईट गेला. आठ-आठ दिवस त्याच्या तोंडून काही निघायचं नाही आणि रूपाली रडकुंडीला यायची. नंतर थोडे शब्द आले. काही दिवस वीस, काही दिवस दोन. फोनवर तर बोलणं जमतच नव्हतं. तिकडून सरस्वतीबाई विचारायची, इकडं तो फोन कानाला लावून नुसता बसायचा, आणि शेवटी रूपाली फोन घ्यायची.

एप्रिलच्या उन्हात ती परत आली, सरळ चिखलीला. रिक्षातून उतरली, काठी टेकत चालत आली, ओट्याची पायरी न थांबता चढली. रूपाली पाणी आणायला आत धावली.

"कसे राह्यले तुमी?" सरस्वतीबाईनं विचारलं. पिशवी खाली ठेवली, नवा गुडघा लांब करून त्याच्या शेजारी बसली आणि वाट बघू लागली.

रूपालीनं पाण्याचा तांब्या आणला. त्या दोघांकडे पाहून ती तो हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"कठीण," शालिग्राम म्हणाला.

"मलेई," ती म्हणाली, आणि तांब्यासाठी हात पुढं केला.